मुष्टियोद्धे, चरित्रपट आणि इतिहासाची थकबाकी

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात कंसाच्या मल्लरंगाचे वर्णन आहे. चाणूर श्रीकृष्णाशी आणि मुष्टिक बलरामाशी झुंजतो, दोघेही मारले जातात आणि कथा लगेच कंसवधाकडे वळते. मुष्टिक कोठला, कोणाचा, राजाज्ञेने दोन कोवळ्या मुलांपुढे उभे राहताना त्याच्या मनात काय होते, याविषयी पुराणकार मौन पाळतात. ते स्वाभाविकच आहे, कारण कथा त्याची नव्हे. तरीही ज्याच्या नावातच मूठ आहे, त्याची एवढीच ओळख उरावी याची हुरहूर वाटते. जिंकणाऱ्याचे चरित्र होते, हरणाऱ्याचा केवळ उल्लेख होतो. ही रीत पुराणांपुरती मर्यादित नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत चरित्रपटांचे पीक अमाप आले. खेळाडूंत मुष्टियोद्ध्यांच्या वाट्याला पडदा विशेष येतो. कारण उघड आहे. चौकोनी रिंगण, दोन माणसे, वरून पडणारा प्रकाश, तीन मिनिटांची फेरी आणि मधली एका मिनिटाची विश्रांती, अशी नाटकाची सिद्ध रचनाच या खेळात आहे. त्यामुळे कोणत्या मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यावर चित्रपट व्हावा, हा प्रश्न रसिकांच्या गप्पांत वारंवार निघतो. उत्तरे बहुधा पदकांच्या आणि विजेतेपदांच्या संख्येवरून दिली जातात. माझ्या मते हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि त्याचा विचारही त्याच अंगाने व्हावा.

याला एक व्यावहारिक कारण आहे. पुस्तकातील चुकीला दुसरे पुस्तक उत्तर देऊ शकते. पडद्यावरच्या चुकीला तसे उत्तर देणे फार कठीण. एकदा नटाचा चेहरा माणसाच्या नावाला चिकटला की सर्वसामान्य प्रेक्षकांपुरता तो खटला निकाली निघतो. म्हणून कोणाचे चरित्र पडद्यावर जावे याबरोबरच, ते गेल्यावर कोणावर अन्याय होतो, हेही पाहिले पाहिजे.

पडद्याने केलेला न्याय आणि अन्याय

मार्टिन स्कोर्सेसी यांचा 'रेजिंग बुल' (१९८०) हा या प्रकारातील सर्वश्रेष्ठ चित्रपट मानला जातो. त्याचा नायक जेक लामोटा सत्पुरुष नव्हता. तो संशयी होता, बायकोला मारहाण करणारा होता. १९४७ साली बिली फॉक्सविरुद्धची लढत आपण मुद्दाम हरलो, अशी कबुली त्याने १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे दिली. चित्रपटाने त्याचे काहीही झाकले नाही. नायक पूज्य नसला तरी चरित्र सत्य असू शकते, हा धडा त्या कृष्णधवल चित्रपटाने घालून दिला.

याउलट 'सिंड्रेला मॅन' (२००५) पाहावा. महामंदीच्या काळात गोदीवर हमाली करणारा, सरकारी मदतीवर घर चालवणारा जेम्स ब्रॅडॉक १३ जून १९३५ रोजी मॅक्स बेअरला हरवून जगज्जेता होतो. ही कथा खरी आहे आणि चित्रपटात ती हृद्य रीतीने सांगितली आहे. पण नायकाला उजळवण्यासाठी बेअरला काळे फासले गेले. प्रतिस्पर्ध्याच्या मृत्यूची फुशारकी मारणारा राक्षस म्हणून तो तेथे उभा आहे. वस्तुतः १९३० मध्ये बेअरच्या ठोशांनी फ्रँकी कॅम्पबेल मरण पावला, त्या घटनेने बेअर खचून गेला होता. कॅम्पबेलच्या कुटुंबाला त्याने पैशांची मदत केली आणि त्या रात्रीची दुःस्वप्ने त्याला पुढे अनेक वर्षे पडत राहिली. १९३३ साली जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगसमोर तो चड्डीवर ज्यूंची षट्कोनी तारका शिवून उतरला, त्यालाही त्या काळात निश्चित अर्थ होता. 'द हरिकेन' (१९९९) या चित्रपटाची गत अशीच. रुबिन कार्टरवर न्यायालयात झालेला अन्याय दाखवताना, १९६४ ची जोई जार्डेलोविरुद्धची लढत पंचांनी वर्णद्वेषाने फिरवली असे त्यात रंगवले. ती लढत जार्डेलोने रीतसर जिंकली होती. त्याने निर्मात्यांवर दावा लावला आणि त्यांना तडजोड करावी लागली. एका माणसाचा अन्याय धुताना दुसऱ्यावर अन्याय झाला.

या उदाहरणांवरून तीन कसोट्या सुचतात. एक, त्या आयुष्यात व्यक्तीची झुंज आणि काळाची झुंज एकाच ठिकाणी भेटलेली असावी. दोन, त्याच्याविषयी इतिहासाकडे काही थकबाकी असावी, म्हणजे नोंद चुकलेली, दडपलेली किंवा अर्धवट असावी. तीन, ते आयुष्य सांगण्यासाठी दुसऱ्या कोणाला खोटा खलनायक करावा लागू नये. या कसोट्यांना उतरणारी काही आयुष्ये येथे मांडतो.

ज्याचे आयुष्य घेतले आणि नाव टाकले

पहिले नाव जो फ्रेझरचे. जन्म १९४४, दक्षिण कॅरोलायनातील ब्यूफर्ट परिसरात, गरीब शेतमजूर कुटुंबात. पोरवयातच तो उत्तरेकडे गेला आणि फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात कामाला लागला. तेथे टांगलेल्या मांसाच्या धडांवर तो ठोशांचा सराव करी. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने महंमद अलीला पंधराव्या फेरीत खाली पाडून पराभूत केले. अलीच्या व्यावसायिक कारकिर्दीतील तो पहिला पराभव होता.

वाचकांना मांसाच्या धडांवरील ठोसे ओळखीचे वाटले असतील. 'रॉकी' (१९७६) या चित्रपटातील ते प्रसिद्ध दृश्य फ्रेझरच्या आयुष्यातून आले. १९७५ मध्ये अलीपुढे पंधराव्या फेरीपर्यंत टिकलेल्या चक वेपनरच्या लढतीवरून कथाबीज सुचले. आणि पडद्यावर नायक झाला तो रॉकी बाल्बोआ नावाचा काल्पनिक गोरा मुष्टियोद्धा. स्वतः फ्रेझर त्या चित्रपटात काही क्षण पाहुणा म्हणून दिसतो. पुढे रॉकीचा ब्राँझचा पुतळा घडवला गेला आणि १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तो फिलाडेल्फियात उभा राहिला. त्याच शहरात घाम गाळलेल्या हाडामांसाच्या फ्रेझरचा पुतळा उभा राहायला २०१५ साल उजाडावे लागले. तोवर त्याच्या मृत्यूला चार वर्षे होत आली होती. जे कधी जन्मलेच नाही त्याचा पुतळा आधी आणि जन्मून लढला त्याचा तीन दशकांनंतर, यापेक्षा चित्रपटाच्या सामर्थ्याचे दुसरे प्रमाण कोणते द्यावे?

फ्रेझरच्या कथेत अधिक बोचणारा भाग मैत्रीचा आहे. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यभरती नाकारल्यामुळे अलीचा परवाना काढून घेतला गेला, त्या दिवसांत फ्रेझरने त्याला पैसे दिले आणि परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला. अली परतला आणि त्याने याच फ्रेझरला गोऱ्यांचा बंदा म्हटले, पुढे 'गोरिला' म्हणून हिणवले. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाजवळ दोघांची तिसरी लढत झाली. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरचा चेहरा सुजून डोळे जवळजवळ मिटले होते. त्याचे गुरू एडी फच यांनी त्याला पंधराव्या फेरीसाठी उठू दिले नाही. शिष्य हरकत घेत होता, गुरू ठाम राहिले. हरण्याचा निर्णय घेणारा हा गुरू मला त्या रात्रीचा सर्वांत धीराचा माणूस वाटतो. अलीवर अनेक चित्रपट झाले. त्यांत फ्रेझर अलीच्या कथेतील एक अडथळा म्हणून येतो. तीच कथा समोरच्या कोपऱ्यातून पाहिली तर ती संपूर्ण वेगळी दिसेल, आणि त्यासाठी अलीला खलनायक करण्याचीही गरज नाही.

ज्याला लढूच दिले नाही

सॅम लँगफर्डचे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नसते. कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या वेमथ फॉल्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तो वाढला. बापाच्या माराला कंटाळून घर सोडले आणि बॉस्टनला पोहोचला. तेथे एका मुष्टियुद्धाच्या तालमीत झाडलोट करता करता खेळात उतरला. १९०३ मध्ये त्याने जो गॅन्स या लाइटवेट जगज्जेत्याला हरवले, परंतु वजन मर्यादेबाहेर असल्याने विजेतेपद पणाला लागलेले नव्हते. नंतर तो आपल्याहून कितीतरी उंच आणि वजनदार माणसांशी लढत राहिला. १९०६ मध्ये जॅक जॉन्सनविरुद्ध तो पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरला.

येथून कथेला वळण मिळते. १९०८ मध्ये सिडनी येथे टॉमी बर्न्सला हरवून जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. गोऱ्या समाजाने त्याचा अमानुष छळ केला, १९१३ मध्ये त्याला अन्यायाने दोषी ठरवण्यात आले आणि त्याला मरणोत्तर राष्ट्राध्यक्षीय माफी मिळायला २०१८ साल यावे लागले. जॉन्सनच्या जीवनावर बेतलेले नाटक आणि त्यावरील चित्रपट सुप्रसिद्ध आहेत. परंतु याच जॉन्सनने गादीवर बसल्यावर लँगफर्डला पुन्हा संधी दिली नाही. दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीला गोरे प्रेक्षक पैसे देत नाहीत, हा हिशेब त्यामागे होता. लँगफर्ड अवघड प्रतिस्पर्धी आहे, हेही कारण होतेच. १९१५ मध्ये हवाना येथे जॉन्सन हरला आणि दार पूर्ण बंद झाले. त्यानंतर १९३७ मध्ये जो लुईपर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढू दिले गेले नाही.

मग लँगफर्डने काय केले? ज्यांना दार बंद होते तेच एकमेकांशी पुन्हापुन्हा लढले. हॅरी विल्स, सॅम मॅकव्हे, जो जेनेट यांच्यापैकी प्रत्येकाशी तो दहाहून अधिक वेळा लढला. एकाच पिंजऱ्यात कोंडलेल्या माणसांनी पोटासाठी एकमेकांना वर्षानुवर्षे मारत राहावे, हे वर्णव्यवस्थेचे किती नेमके चित्र आहे! या मारामारीत त्याची दृष्टी गेली. जवळजवळ आंधळा असताना १९२३ मध्ये त्याने मेक्सिकोचे हेवीवेट विजेतेपद मिळवले. प्रतिस्पर्ध्याला डोळ्यांनी शोधण्याऐवजी तो चाहुलीने आणि स्पर्शाने शोधत असे.

यानंतर तो विस्मृतीत गेला. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या 'हेराल्ड ट्रिब्यून'चा पत्रकार अल लेनी त्याच्या शोधात निघाला. लँगफर्ड मरण पावला असे त्याला अनेकांनी सांगितले. अखेर हार्लेममधील एका अंधाऱ्या खोलीत तो सापडला, पूर्ण आंधळा आणि कफल्लक. लेनीला आश्चर्य वाटले ते दारिद्र्याचे नव्हे, या माणसाच्या प्रसन्नपणाचे. त्याच्या लेखानंतर निधी जमला आणि उरलेली वर्षे लँगफर्डने बऱ्या स्थितीत काढली. १९५६ मध्ये तो वारला. जगज्जेतेपदाची एकही लढत न जिंकता थोरांच्या मालिकेत बसलेला हा माणूस. चित्रपट करायचा तर पत्रकाराच्या शोधापासून आरंभ करावा. त्या एका खोलीत सारी कथा सामावते.

९८४१

माझ्या यादीत सर्वांत वर योहान ट्रोलमन येतो. जन्म १९०७, वाढ हानोफर शहरात. सिंती समाजाचा, म्हणजे युरोपात ज्यांना जिप्सी म्हणून हिणवले जाई त्यांपैकी. घरचे त्याला 'रुकेली' म्हणत. पायांची नाचरी हालचाल, वेगाने आत जाऊन ठोसा देणे आणि लगेच निसटणे, अशी त्याची शैली होती. पुढे तीन दशकांनी महंमद अलीसाठी जग टाळ्या वाजवणार होते ते याच गोष्टीसाठी. परंतु १९२० च्या दशकातील जर्मनीत काही वृत्तपत्रांना ती जर्मन पुरुषाला न शोभणारी वाटे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी त्याला डावलण्यात आले. मग तो व्यावसायिक झाला आणि बर्लिनच्या प्रेक्षकांचा, विशेषतः स्त्रियांचा, लाडका बनला.

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. काही आठवड्यांतच मुष्टियुद्ध संघटनेतून ज्यूंची हकालपट्टी झाली. एरिक झेलिग या ज्यू विजेत्याचे पद हिरावले गेले आणि जीव वाचवण्यासाठी त्याला देश सोडावा लागला. त्याच्या रिकाम्या झालेल्या लाइट हेवीवेट पदासाठी ९ जून १९३३ रोजी बर्लिनमध्ये ट्रोलमन आणि आडोल्फ विट यांची लढत ठरली. योगायोग असा की, आदल्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये षट्कोनी तारका मिरवणाऱ्या मॅक्स बेअरने श्मेलिंगला लोळवले होते. एका चित्रपटाने राक्षस ठरवलेला बेअर आणि बहुतेक जगाने विसरलेला ट्रोलमन चोवीस तासांच्या अंतराने एकाच काळाशी लढले.

ट्रोलमनने विटला उघड उघड निष्प्रभ केले. संघटनेच्या नाझी अध्यक्षाने पंचांना लढत अनिर्णित ठरवायला लावली. प्रेक्षक खवळले. आरडाओरडा एवढा झाला की अधिकाऱ्यांना माघार घ्यावी लागली आणि विजेतेपद ट्रोलमनला जाहीर झाले. आनंदाने त्याला रडू कोसळले. काही दिवसांतच त्याला पत्र आले. लढतीचा दर्जा निकृष्ट होता आणि त्याचे वर्तन खेळाडूला न शोभणारे होते, म्हणून विजेतेपद रद्द. सामन्यानंतर रडणे हा त्याचा गुन्हा ठरला.

पुढची लढत २१ जुलै १९३३ रोजी गुस्टाफ एडरशी होती. त्याला बजावण्यात आले की नाचरी शैली सोडून जागेवर उभे राहून लढायचे, नाहीतर परवाना जाईल. ट्रोलमनने आज्ञा पाळली. कशी पाळली, ते पाहण्यासारखे आहे. केस सोनेरी रंगवून, अंगाला पांढरे पीठ फासून तो रिंगणात आला. तुम्हांला गोरापान सोनेरी केसांचा आर्य योद्धा हवा आहे ना, मग हा घ्या! तो रिंगणाच्या मध्यभागी पाय रोवून उभा राहिला आणि ठोसे खात राहिला. पाचव्या फेरीत कोसळला. राज्यकर्त्यांनी हुकूम दिला होता आणि त्याने त्या हुकमाचेच विडंबन त्यांच्यासमोर, त्यांच्याच प्रेक्षकांपुढे करून दाखवले. शस्त्राशिवाय केलेल्या प्रतिकाराची अनेक उदाहरणे इतिहासात आहेत, पण स्वतःच्या शरीराची आणि पराभवाची अशी उपरोधिका रचणारा दुसरा कोणी मला आठवत नाही.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगणे बरे. १९३५ मध्ये त्याच्यावर सक्तीची नसबंदी झाली. पत्नी आणि लहान मुलगी यांना धोका पोहोचू नये म्हणून त्याने घटस्फोट घेतला. युद्ध सुरू झाल्यावर त्याच राजवटीने त्याला सैनिक केले. पूर्व आघाडीवर तो जखमी झाला आणि १९४२ मध्ये त्याला पकडून नॉयनगामे छळछावणीत धाडले गेले. त्याचा कैदी क्रमांक ९८४१. तेथे तो ओळखला गेला आणि दिवसभराच्या कष्टानंतर पहारेकऱ्यांना ठोसे शिकवण्याची पाळी त्याच्यावर आली. छावणीच्या कागदपत्रांत त्याचा मृत्यू फेब्रुवारी १९४३ मधला आहे. नंतर पुढे आलेल्या एका सहकैद्याच्या साक्षीनुसार मात्र मित्रांनी नोंदीत त्याला मृत दाखवून व्हिटनबर्गे येथील उपछावणीत हलवले. तेथे १९४४ मध्ये कैद्यांवरचा मुकादम असलेल्या एका गुन्हेगाराशी त्याला लढायला लावले. ट्रोलमनने त्याला हरवले. त्या मुकादमाने काही दिवसांनी काम चालू असताना त्याला मारून टाकले.

२००३ मध्ये जर्मन मुष्टियुद्ध संघटनेने त्याचे विजेतेपद अधिकृतपणे मान्य केले आणि मानाचा पट्टा त्याच्या कुटुंबीयांना दिला. सत्तर वर्षांनी! २०१० मध्ये बर्लिनच्या व्हिक्टोरिया उद्यानात '९८४१' नावाचे तात्पुरते स्मारक उभारले गेले. रिंगणाच्या आकाराचा तिरका, एका कोपऱ्यात कललेला चौथरा, असे त्याचे रूप होते. २०१२ मध्ये जर्मनीत त्याच्यावर माहितीपट आणि नाट्य यांचा मेळ घातलेला चित्रपट निघाला. मात्र रॉकीला जग ओळखते तसे ट्रोलमनला ओळखत नाही. त्याचे आयुष्य तिन्ही कसोट्यांवर उतरते, आणि येथे खलनायक रचावा लागत नाही, तो इतिहासाने दिलेलाच आहे.

जिंकून हरलेला

एमिल ग्रिफिथची गोष्ट सांगायला अधिक अवघड आहे. हा व्हर्जिन बेटांवरचा मुलगा न्यूयॉर्कला आला आणि स्त्रियांच्या टोप्या बनवण्याच्या कारखान्यात काम करताना मालकाने त्याची शरीरयष्टी पाहून त्याला मुष्टियुद्धात ढकलले. २४ मार्च १९६२ रोजी त्याची क्यूबाच्या बेनी परेटशी लढत होती. वजन करताना परेटने त्याच्या समलिंगी असण्यावरून अश्लील शब्द वापरून त्याला डिवचले. बाराव्या फेरीत ग्रिफिथने परेटला दोरांच्या कोपऱ्यात कोंडून ठोशांचा वर्षाव केला. पंचाने हस्तक्षेप केला तोवर उशीर झाला होता. दूरचित्रवाणीवर लक्षावधी लोकांनी ते पाहिले. दहा दिवसांनी परेट मरण पावला.

ग्रिफिथ त्यानंतर १९७७ पर्यंत लढला, परंतु समोरचा माणूस मरेल या भीतीने आपला हात आखडत असे, असे तो सांगे. माणूस मारल्याबद्दल लोकांनी आपल्याला क्षमा केली, माणसावर प्रेम केल्याबद्दल मात्र केली नाही, अशा आशयाची खंत त्याने उतारवयात व्यक्त केली. १९९२ मध्ये एका समलिंगींच्या मद्यालयाबाहेर त्याला जमावाने मरणप्राय मारले. २००५ च्या माहितीपटात तो परेटच्या मुलाला भेटतो आणि तो मुलगा त्याला मिठी मारतो. २०१३ मध्ये ग्रिफिथ वारला. त्याच वर्षी त्याच्या जीवनावरचे संगीतनाट्य रंगभूमीवर आले. येथे दोन माणसे दुर्दैवी आहेत आणि त्या दोघांमध्ये उभा असलेला समाज दोषी आहे. असा चित्रपट करणाऱ्याला परेटलाही न्याय द्यावा लागेल. तोही गरिबीतून आलेला, नुकत्याच झालेल्या लढतींतील मार अंगावर असताना पुन्हा उभा केला गेलेला तरुण होता.

आपल्याकडे

भारतात 'मेरी कोम' (२०१४) हा चित्रपट गाजला. मणिपूरच्या या थोर मुष्टियोद्धीच्या भूमिकेत मणिपूरबाहेरची अभिनेत्री होती, यावर तेव्हा वाद झाला. त्याहून मोठी विसंगती वेगळीच. २००० सालापासून मणिपुरात बंडखोर गटांनी हिंदी चित्रपटांवर बंदी घातलेली असल्याने तो चित्रपट तेथे प्रदर्शित होऊ शकला नाही. जिची कथा, तिच्याच गावच्या लोकांना ती चित्रपटगृहात पाहता आली नाही.

मराठी मुलखातील एका मुष्टियोद्ध्यावर मात्र चित्रपट झाला आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे अपंग झाले. पुढे पोहणे शिकून १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर मुक्त शैलीत सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला २०२४ मध्ये. पदक आणि पडदा यांत बावन्न वर्षांचे अंतर! तरीही ते स्वतः हयात असताना हे घडले, ही समाधानाची गोष्ट.

हवासिंग यांच्या वाट्याला तेवढेही समाधान आले नाही. हरयाणाच्या भिवानी परिसरातला हा लष्करी जवान १९६० च्या दशकाच्या आरंभापासून सलग अकरा वर्षे हेवीवेटमध्ये राष्ट्रीय विजेता राहिला. १९६२ मध्ये त्यांची आशियाई स्पर्धा हुकली. १९६६ आणि १९७० अशा लागोपाठच्या दोन्ही बँकॉक आशियाई स्पर्धांत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. निवृत्तीनंतर ते भिवानीत मुले घडवत राहिले. द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला आणि तो स्वीकारण्यापूर्वी अवघे पंधरा दिवस, ऑगस्ट २००० मध्ये, त्यांचे निधन झाले. पुरस्कार पत्नीने घेतला. आठ वर्षांनी बीजिंग ऑलिंपिकमध्ये भिवानीच्याच विजेंदरसिंगने मुष्टियुद्धातील भारताचे पहिले पदक आणले, तेव्हा त्या गावाचे नाव देशाला कळले. पेरणाऱ्याचे नाव मात्र फारसे कोणी घेतले नाही. त्यांच्यावरील चित्रपटाची घोषणा २०२० मध्ये झाली होती. असा चित्रपट करताना पदकांच्या सोहळ्यापेक्षा भिवानीच्या मैदानातील पहाटे अधिक दाखवाव्यात, एवढीच अपेक्षा.

ज्यांच्यावर चित्रपट होणार नाही

आता अखेरीस बडोद्याकडे वळतो. एकोणिसाव्या शतकात खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत येथे वज्रमुष्टीच्या झुंजी होत. उजव्या मुठीत शिंगाच्या नख्या बांधून ज्येष्ठीमल्ल एकमेकांना भिडत. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने १८६० च्या दशकात त्या पाहिल्या आणि १८७५ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवल्या. नशापाणी करून गात गात उतरणारे योद्धे, रक्तबंबाळ देह आणि पसंतीने डोलणारा दरबार, असे ते वर्णन आहे. प्रवाशाने महाराजांचे नाव लिहिले, अलंकार लिहिले, हत्तींच्या झुंजी लिहिल्या. ज्यांच्या अंगावरून रक्त ओघळत होते त्यांची कथा त्याने लिहिली नाही.

या ज्येष्ठीमल्लांचे स्वतःचे पुराण होते. 'मल्लपुराण' नावाने ते १९६४ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने छापून प्रसिद्ध केले. त्यात डाव आहेत, आहार आहे, व्यायाम आहे, कुलदेवता आहे. नाहीत ती माणसे. रणांगणावर मेला तर वीरगळ उभा राहतो, आखाड्यात मेला तर त्याचाही दगड उभारला जात नाही. ट्रोलमनचा निदान क्रमांक उरला, लँगफर्डला शोधणारा एक पत्रकार भेटला. आपल्या या मल्लांची गावे, घराणी, त्यांच्या विधवा, हातपाय मोडल्यावर त्यांनी काढलेली वर्षे, यांतले काही हाती लागत नाही.

कोणत्या मुष्टियोद्ध्यावर चित्रपट व्हावा, या प्रश्नाला म्हणूनच आधीची एक पायरी आहे. ज्यांची नोंद आहे त्यांच्यावरच चित्रपट होतो, आणि नोंद करण्याचे काम चित्रपटवाल्यांचे नाही, आपले आहे. आपल्या शहरांतील जुन्या तालमींत आजही भिंतींवर काळी पडलेली छायाचित्रे आहेत आणि त्यांतला कोण कोणता हे सांगू शकणारे एखादे वृद्ध उस्ताद सकाळच्या उन्हात बसलेले आढळतात. त्यांच्याजवळ वही घेऊन बसायला चित्रपटाइतका खर्च येत नाही. मुष्टिकाचे चरित्र आता मिळणार नाही. परंतु ज्यांचे मिळू शकते त्यांचेही आपण हातचे जाऊ दिले, तर तो दोष पुराणकारांच्या माथी मारता येणार नाही.